मुकादम डोंगरात आहेत

फोन पुन्हा टिंग वाजला आणि मुकादमांनी चहाचा कप खाली ठेवला. "लेकाचे एक घोट सुखाने घेऊ देतील तर शपथ!" ते मोठ्याने म्हणाले. घरात ऐकायला कोणी नव्हतं, पण मोठ्याने बोलायची सवय त्यांनी मुद्दाम ठेवली होती. नाहीतर आवाज गंजतो, असं त्यांचं मत होतं.

मुकादम हे काही त्यांचं नाव नव्हे, आडनावही नव्हे. चिकटरावच्या मेलिंग लिस्टवर सगळे त्यांना असंच म्हणत. आता हा चिकटराव कोण? तर तो एक प्रोग्राम. बाटलीवर, बरणीवर, खोक्यावर, फायलीवर डकवायची लेबलं छापून देणारा. मुकादमांनी तो छापखान्यात नोकरीला असताना लिहिला आणि कुणीही घ्या, कुणीही बदला, फुकट वापरा, असं म्हणून जगाला देऊन टाकला. जगाने तो घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू केल्या. फुकट मिळालेल्या वस्तूसाठी माणूस किती हक्काने भांडतो ते बघायचं असेल, तर त्याने या लिस्टवर यावं. एकाने मेल टाकली की ती सगळ्यांना जायची. दुसरा तिला उत्तर द्यायचा, तेही सगळ्यांना जायचं. तिसरा म्हणायचा, "सगळ्यांना कशाला पाठवता?" आणि हे तो सगळ्यांना पाठवायचा.

ही सगळी ये-जा मुकादमांच्या खाटेखाली ठेवलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरमधून चाले. तो दिवसभर घुरघुरायचा. मुकादमांचं लग्न राहूनच गेलं होतं, त्यामुळे घरात घुरघुरणारं दुसरं कोणी नव्हतं.

लिस्टवर माणसं पुष्कळ, पण रोज बोलणारी ठरलेली. त्यातले एक गृहस्थ होते, ज्यांची लेबलं कित्येक वर्षं अर्धा मिलिमीटर डावीकडे सरकत होती. त्यांना सगळे अर्धा मिलिमीटरच म्हणत. ते रोज न चुकता तक्रार करत आणि मुकादम रोज न चुकता उत्तर देत. दुसऱ्या होत्या पुस्तिकाबाई. चिकटराव कसा वापरायचा ते समजावणारी जाडजूड पुस्तिका त्या लिहीत. कुणी काहीही विचारलं की त्यांचं उत्तर एकच, "पुस्तिकेत आहे. उघडायचे कष्ट घ्या." कष्ट कोणीच घेत नसे. तिसरे मुकादमांच्या समोरचेच औषधवाले. त्यांच्या दुकानातल्या बाटल्यांवर चिकटरावचीच लेबलं होती, कारण मुकादमांनीच रस्ता ओलांडून जाऊन तो तिथे बसवून दिला होता.

अलीकडे मेलांचा इतका पूर आला होता की लोकांच्या नाकी नऊ आले. तेव्हा मुकादमांनी सगळ्यांना एक लांबलचक उपदेश पाठवला. दिवसभराच्या मेलांचं एकच गाठोडं मागवा. नको ते विषय मुके करा. प्रत्येकाला वेगळा कप्पा द्या. फोनचा आवाज बंद ठेवा, डोकं शांत राहतं. उपदेश सगळ्यांना फार आवडला आणि तो आवडल्याच्या मेलांनी आणखी दोन दिवस सगळ्यांचे फोन वाजत राहिले.

आणि मुकादमांचा स्वतःचा फोन? त्यावर त्यांनी एक टिंगसुद्धा बंद केली नव्हती. कोणी विचारलं असतं तर म्हणाले असते, "जबाबदारी आहे बाबा." खरं कारण असं, की त्या घरात दुसरं काही वाजतच नव्हतं.

त्या उपदेशाबरोबर त्यांनी आणखी एक सुधारणा केली. लिस्टवरच्या प्रत्येक मेलच्या विषयाआधी चौकटी कंसात 'चिकटराव' अशी पाटी लागत असे. फोनच्या छोट्या पडद्यावर ती पाटीच दिसते, विषय दिसतच नाही, अशी लोकांची ओरड होती. मुकादमांनी पाटी काढून टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही पाटी पुढे त्यांच्याच अंगाशी येणार होती.

तर एके दिवशी मुकादमांच्या ताईचा फोन आला. आम्ही सगळे डोंगरात चाललोय, एका बंगलीत राहणार आहोत, तूही चल. मुकादम इतके हरखले की फोन ठेवायच्या आधीच बॅग काढून बसले. मग त्यांनी लिस्टवर जाहीर करून टाकलं, "मी कुटुंबासोबत डोंगरात चाललो आहे. लिस्ट सुरू झाल्यापासूनची माझी पहिली सुट्टी." त्यावर अभिनंदनाचा पाऊस पडला. अर्धा मिलिमीटरनेसुद्धा लिहिलं, "जाऊन या. लेबलं काय, सरकतच राहतील." पुस्तिकाबाईंनी लिहिलं, "बरं झालं. मीही त्याच दिवसांत मुलीकडे जातेय, नातवंडांत. तुमचा सुट्टीवाला जरा मला पण द्या."

सुट्टीवाला म्हणजे मुकादमांनी घरीच लिहिलेला एक छोटा प्रोग्राम. आपण नसताना मेल आली की आपल्या वतीने तो उत्तर देई, की साहेब बाहेर गेलेत. बाजारात असले तयार प्रोग्राम पुष्कळ मिळतात, पण मुकादमांना दुसऱ्याचं काही पटत नसे. त्यांचा सुट्टीवाला सभ्य होता. उत्तर द्यायच्या आधी घटकाभर थांबायचा. एकच गैरसोय होती, तो बंद करायचा तर ज्या कॉम्प्युटरवर तो बसवलाय त्याच्यासमोरच जाऊन बसावं लागे, दुरून तो कुणाचं ऐकत नसे. मुकादमांनी तो पुस्तिकाबाईंना पाठवून दिला. बाईंनी लगेच पुस्तिकेत त्यावर एक प्रकरण लिहून टाकलं. मुकादमांनी ते वाचलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ताईचा पुन्हा फोन आला.

"अरे, ऐक ना. जरा पंचाईत झालीय."

"काय गं?"

"जावईबापूंचे आईवडील पण येतो म्हणतायत. आता त्यांना नाही कसं म्हणायचं? आणि गाडीत जागाच नाही रे."

"मग?"

"मग काय, तुझं वेगळं आहे. तू काय, घरचाच."

"हो हो. मी घरचाच."

"रागावलास?"

"छे गं! उलट सुटलो. इथे केवढं काम पडलंय."

"मला माहीत होतं, तू समजून घेशील. पुढच्या वेळी नक्की हं!"

घरचे असल्यामुळे मुकादम घरीच राहिले. भरलेली बॅग दाराशी उभी होती, तिच्याकडे बघत ते बराच वेळ बसले. वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्याहून मोठी पंचाईत पुढेच होती. लिस्टला काय सांगायचं? सगळ्या जगाने 'जाऊन या' म्हटल्यावर, 'मला गाडीत घेतलं नाही' असं कोणत्या तोंडाने लिहायचं? त्या लिस्टवर ते मुकादम होते, त्यांच्या शब्दाला वजन होतं. बाहेर कुठे नव्हतंच.

"जाऊ दे," ते मोठ्याने म्हणाले, "चार दिवस गप्प बसायचं. कोणाला कळतंय!" आणि त्यांनी सुट्टीवाला सुरू करून दिला. त्यातला मजकूर त्यांनी आनंदाच्या भरात आधीच लिहून ठेवला होता: 'मी सध्या कुटुंबासोबत डोंगरात आहे. इथे वीज नाही, नेटवर्क नाही, आणि ही जागा मी मुद्दाम निवडली आहे. परतल्यावर उत्तर देईन.'

सुट्टीची पहिली सकाळ छान गेली. म्हणजे चहा होईपर्यंत. मुकादमांनी सुट्टी म्हणून फोनचा आवाज बंद केला होता. मग त्यांनी गादी उन्हात टाकली, पेपर वाचला, पेपरमधल्या जाहिराती वाचल्या, आणि नुसतं डोकवायचं म्हणून फोन उघडला. उघडला आणि ते खुर्चीतून उठून उभेच राहिले.

झालं होतं असं. सकाळी अर्धा मिलिमीटरने लिस्टवर लिहिलं होतं, "मुकादम नसताना विचारू नये, पण आज जरा जास्तच डावीकडे गेलंय." सुट्टीवाल्याला मुकादमांनी शिकवून ठेवलं होतं, की लिस्टवरून आलेल्या मेलला उत्तर द्यायचं नाही. पण मेल लिस्टवरची आहे हे त्याने ओळखायचं कसं? तर त्या पाटीवरून! आणि पाटी तर मुकादमांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलेली. सुट्टीवाल्याने घटकाभर वाट पाहिली आणि सगळ्या लिस्टला कळवलं, की मी कुटुंबासोबत डोंगरात आहे.

हे इथेच थांबलं असतं. पण पुस्तिकाबाईंकडे तोच सुट्टीवाला बसला होता, तेवढाच सभ्य आणि तेवढाच आंधळा. त्याने कळवलं: 'मी मुलीकडे आले आहे. नातवंडांच्या गडबडीत मेल बघायला फुरसत मिळणार नाही.' हे वाचून मुकादमांच्या सुट्टीवाल्याने कळवलं, की मी डोंगरात आहे. त्यावर बाईंच्याने कळवलं, की मी नातवंडांत आहे. असं बरं का, पण मी डोंगरात आहे. हो का, मी मात्र नातवंडांत आहे. दोघेही एकमेकांना आपापलं सुख सांगत सुटले होते आणि जगभरचे लेबलवाले ते निमूटपणे ऐकत होते.

निमूटपणा दुपारपर्यंत टिकला. मग पहिली मेल आली, "मला लिस्टमधून काढा." ती सगळ्यांना गेली, आणि तिला उत्तर म्हणून एक डोंगर आणि एक नातवंडं सगळ्यांना गेली. मग दुसऱ्याने लिहिलं, "मलापण." तिसऱ्याने लिहिलं, "'मला काढा' असं सगळ्यांना लिहू नका, त्याने मेल वाढतात." त्यावर आणखी डोंगर, आणखी नातवंडं.

एका ग्रंथपालाने लिहिलं, "मुकादमांना कोणीतरी फोन करा."

"डोंगरात नेटवर्क नाही. स्वतःच सांगतायत ना केव्हापासून!"

"मग पुस्तिकाबाईंना सांगा, त्यांचा तरी बंद करतील."

"त्या नातवंडांत आहेत हो. कधी नव्हे ते माणसांत गेलीत दोघं. थोडे दिवस सोसू या."

हे वाचून मुकादमांना रडावं की हसावं कळेना. सुट्टीवाला बंद करायचं बटण त्यांच्यापासून हातभर अंतरावर, खाटेखाली होतं. दाबलं की काम झालं. पण दाबलं की सगळ्यांना हेही कळणार, की मुकादम कॉम्प्युटरसमोर बसलेले आहेत. पहिल्याच दिवशी परत आलात? का हो? काय झालं? कुटुंब कुठंय? एकेका प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे शेवटी गाडीतल्या जागेपर्यंत यायचं. नको रे बाबा.

"त्या बाईंना काय झालंय?" मुकादम भिंतीवर चिडले. "एकदा तरी बघावं माणसाने! नातवंडं काय चोवीस तास डोक्यावर बसतात? निघून जावं जरा, घरी जाऊन तेवढं बंद करून यावं!"

मग त्यांनी उन्हातली गादी आत आणली.

संध्याकाळच्या सुमाराला त्यांना एक नामी युक्ती सुचली. वीज! वीज गेली तर त्यात माणसाचा काय दोष? त्यांनी खाटेखाली हात घालून कॉम्प्युटरचा प्लगच काढला. घुरघुर थांबली. फोनची थरथर थांबली. मुकादमांनी विजयाने हात झटकले आणि ते खुर्चीवर येऊन बसले.

घर इतकं शांत त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली, तीही ऐकू आली. त्यांनी पाव खाल्ला, त्याचा आवाज झाला. मग त्यांनी फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. कुणाचंच काही आलं नव्हतं. येणार कसं? त्यांना येणाऱ्या सगळ्या मेला त्या एका प्लगमधून येत होत्या. उद्या मी खरंच नसलो तर एवढंच होईल, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग त्यांना तिथे बसवेना. त्यांनी गुडघे टेकून प्लग परत लावला.

तर मेलांचं असं असतं, की दार बंद दिसलं म्हणून त्या परत जात नाहीत, पायरीवर बसून राहतात. दार उघडताच सगळ्या एकदम आत घुसल्या. मला काढा, मलापण, कृपया, अहो, आणि त्या प्रत्येकीमागे एक डोंगर आणि एक नातवंडं. फोन टेबलावरून थरथरत कडेला गेला आणि खाली पडला. मुकादमांनी दिवा लावून तो शोधला. आणि हीच त्या दिवसातली सगळ्यात मोठी चूक ठरली.

कारण समोरच्या औषधवाल्यांची मेल आली, "तातडीचं! मुकादमांच्या खिडकीत आत्ता दिवा लागला. घरी कोणी नसताना! चोर शिरलाय की काय? का मुकादम परत आले?"

सुट्टीवाल्याने घटकाभर थांबून तत्परतेने खुलासा केला, 'मी सध्या कुटुंबासोबत डोंगरात आहे.'

"म्हणजे चोरच!" औषधवाल्यांनी लिहिलं.

मुकादमांनी झटकन दिवा विझवला.

"मी लिहिल्याबरोबर दिवा विझला!" औषधवाल्यांची पुढची मेल आली. "चोर आपली लिस्ट वाचतोय!"

मग काय विचारता! लिस्टवर हलकल्लोळ उडाला. आपल्यातलाच कोणीतरी आहे. मुकादम डोंगरात आहेत हे फक्त आपल्यालाच माहीत होतं. ज्यांनी 'मला काढा' लिहिलं त्यांना इतकी घाई का होती? एकाने सुचवलं, "चोराशी थेट बोला. हे चोरा, तू हे वाचत असशील तर घरातल्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस, त्यावर लिस्ट आहे." दुसऱ्याने लिहिलं, "उलट, हात लावच. खाटेखाली एक बटण असेल. तेवढं दाबून जा."

मुकादम अंधारात जमिनीवर, खिडकीखाली अंग चोरून बसले होते. स्वतःच्या घरात चोरासारखे. हसू येत होतं आणि हसायला धजवत नव्हतं. तेवढ्यात अर्धा मिलिमीटरची मेल आली. मुकादमांनी ती सगळ्यात आधी उघडली. नेहमीच उघडत.

"डोंगर, नातवंडं, चोर. मी इथे लेबलांसाठी आलो होतो," त्यांनी लिहिलं होतं. "आता मला ही दगदग झेपत नाही. मी निघतो. मुकादम परत आले की त्यांना एक सांगा. माझं लेबल मागेच जागेवर आलं होतं. पण ते रोज उत्तर द्यायचे, म्हणून मी रोज विचारायचो."

मुकादमांनी ते पुन्हा वाचलं.  त्या माणसावर इतकी वर्षं ते खेकसत आले होते, आणि रोज सकाळी उठल्या उठल्या आधी त्याचंच काही आलंय का ते बघत आले होते. आपली लाज झाकायला आपण त्याला घालवलं. उद्या सकाळी उठून काय बघायचं?

ते उठणार एवढ्यात दार धडधडलं.

"आत कोण आहे?" औषधवाल्यांचा आवाज. "आम्हाला सगळं कळलंय! बऱ्या बोलाने बाहेर ये!"

मुकादमांनी दार उघडलं. समोर वॉचमन काठी घेऊन उभा होता आणि त्याच्या मागे, बऱ्याच मागे, औषधवाले हातात शटर ओढायची सळई घेऊन.

"अहो, तुम्ही?" औषधवाले म्हणाले.

"हो. मी."

"पण तुम्ही तर डोंगरात..."

"हं."

"कुठले डोंगरात!" वॉचमन म्हणाला. "मी सकाळपासून गेटवर आहे साहेब. हे गेलेच नाहीत कुठे. मला वाटलं होतं, बॅग घेऊन निघतील, पण..."

"तू जा रे खाली," औषधवाले त्याचं बोलणं तोडत म्हणाले. "गेटवर कोणी नाहीये."

वॉचमन गेला. औषधवाल्यांनी आत पाहिलं. दाराशी भरलेली बॅग होती. टेबलावर एक कप होता, एक बशी होती आणि अर्धा पाव होता.  हातातली सळई आता कुठे लपवावी असं त्यांना झालं.

"गोळ्या संपल्या असतील ना तुमच्या?" शेवटी ते म्हणाले. "आला नाहीत दुकानात."

"आहेत अजून थोड्या."

"सकाळी या. चहा घेऊ. दुकान उघडल्यावर तासभर कुत्रंसुद्धा फिरकत नाही तिकडे."

"येतो."

"आणि तेवढं ते डोंगरातलं बंद करा बुवा. फोनवर बोट ठेववत नाही, इतका तापलाय."

ते जिना उतरले आणि थोड्याच वेळात लिस्टवर त्यांची मेल आली, "चोर नव्हता. दिव्याचं बटण ढिलं होतं, मी स्वतः बघून आलो. सर्वांनी झोपावं." मुकादमांनी ती वाचली. त्यांच्यासाठी कोणी इतकं साफ खोटं याआधी बोललं नव्हतं.

मग ते खाली बसले, खाटेखाली हात घातला आणि सुट्टीवाला बंद केला. दिवा लावला. जे व्हायचं ते होवो, असं म्हणून त्यांनी लिस्टवर सगळ्यांदेखत लिहिलं, "अर्धा मिलिमीटर, मी आलोय. जाऊ नका. तुमचं लेबल डावीकडे आहे असं मला अजूनही वाटतं. सविस्तर लिहा."

आणि ते वाट बघू लागले. अर्धा मिलिमीटरची नव्हे, आधी नातवंडांची. मुकादम गप्प झाले तरी बाईंचा सुट्टीवाला चालूच असणार, तेव्हा या मेलवर घटकाभराने त्यांचं ठरलेलं उत्तर येणार. घटका गेली. आणखी एक गेली. नातवंडं आलीच नाहीत. फोन बिघडला की काय म्हणून मुकादमांनी तो हलवून पाहिला.

मग हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला. बाईंचा सुट्टीवालाही बंद झाला होता. आत्ता, एवढ्यात. आणि तो तर बाईंच्या घरच्या कॉम्प्युटरसमोर बसल्याशिवाय बंद होत नव्हता.

मुकादमांनी लिस्टला वगळून फक्त त्यांना लिहिलं, "नातवंडं कशी आहेत?"

उत्तर ताबडतोब आलं, "मजेत. डोंगर कसा होता?"

"उंच."

"आणि नेटवर्क?"

"खाटेखाली आहे."

 मुकादमांना वाटलं, जास्त बोललो. मग आलं, "नातवंडं खरी आहेत हो. फक्त इथे नाहीत. मुलगी म्हणाली, या वेळी नको आई, घरात रंगकाम काढलंय. सगळ्यांना सांगून बसले होते, मग म्हटलं, चार दिवस गप्प बसावं. दिवसभर तुमच्या नावाने बोटं मोडत होते, की हा माणूस एकदा डोंगरावरून खाली उतरून ते बंद का करत नाही!"

मुकादम हसले. इतके मोठ्याने, की वरच्या मजल्यावर खुर्ची पुन्हा सरकली. "माझा डोंगरही खरा आहे," त्यांनी लिहिलं. "गाडीत जागा नव्हती." हे एक वाक्य दिवसभर जीव गेला तरी लिहवत नव्हतं, आणि आता ते सहज लिहून झालं.

"एक विचारू?" बाईंनी लिहिलं. "सुट्टीवाल्याचं प्रकरण वाचलंत का? त्यात मी स्पष्ट लिहिलंय: लिस्टची पाटी काढल्यास हा प्रोग्राम आवरत नाही."

"नाही वाचलं."

"कोणीच वाचत नाही."

"मग तुम्ही मला का नाही सांगितलंत? पाटी तर आधीच गेली होती!"

"पुस्तिकेत होतं ना!"

सकाळी औषधवाल्यांकडे चहा पिऊन आल्यावर मुकादम सुट्टीवाला दुरुस्त करायला बसले. मधेच फोन वाजला. अर्धा मिलिमीटरचा मजकूर होता, "आज उजवीकडे गेलंय." मुकादमांनी त्याला ऐसपैस उत्तर दिलं, आणि मग पुन्हा कामाला लागले. पाटी असो नसो, लिस्टवरच्या मेलला सुट्टीवाला यापुढे उत्तर देणार नव्हता. सुट्टीत फोन वाजणारही नव्हता, कुणाचीही मेल येवो. सगळं नीट तपासून त्यांनी तो बाईंना पाठवला.

बाईंनी नेहमीप्रमाणे ओळ न ओळ वाचली. दुपारी त्यांची मेल आली, "एक चूक राहिलीय. सगळ्यांच्या मेला अडतात, पण माझा पत्ता मधून सुटून येतो. माझी मेल आली तर सुट्टीतसुद्धा फोन वाजेल तुमचा."

मुकादमांनी कप खाली ठेवला. मोठा श्वास घेतला आणि लिहिलं, "चूक नाही ती."

 मुकादमांनी कप धुतला, पुसला, पुन्हा धुतला. मग टिंग वाजलं.

"बरं. मग पुस्तिकेत घालावं लागेल. असं लिहिलंय, बघून घ्या: 'या प्रोग्राममध्ये एक सूट मुद्दाम ठेवलेली आहे. ती कोणी दुरुस्त करू नये.'"

"अहो, सगळे वाचतील ना!" मुकादमांनी घाबरून लिहिलं.

"पुस्तिका?" बाईंनी विचारलं.